देवीच्या नावातील ‘ळ’

जर्मनीतील माइन्त्स हे गुटेनबर्गचे जन्मगाव. तेथील गुटेनबर्ग संग्रहालयाच्या मुद्रणशाळेत जाण्याचा योग आम्हांस आला. तेथे पाहुण्याने नुसते पाहून परतावयाचे नव्हते. स्वतः खिळे जुळवून छापावयाचे होते. आपल्या हातून पहिले नाव कुलदेवतेचे उमटावे म्हणून आम्ही ‘म्हाळसा’ योजिले. पण खणांत सारी रोमन अक्षरे! ‘ळ’च्या जागी ‘एल’ बसवून, शाई लावून दांडा ओढला. देवीचे नाव उमटले खरे, परंतु परक्या वेषात.

तेव्हा साष्टीतील राचोल आठवले. भारतातील पहिला छापखाना १५५६ साली गोव्यात आला. १६१६ साली फादर स्टीफन्स यांचे ओवीबद्ध ख्रिस्तपुराण राचोल येथे छापले गेले. भाषा मराठी, लिपी मात्र रोमन. देवनागरी खिळ्यांतील मराठी व्याकरण निघाले ते १८०५ साली, दूर बंगालमधील श्रीरामपुरास. आणि मुंबईत गणपत कृष्णाजींनी मराठी पंचांग छापले १८३१ साली, शिळाछापावर.

मग मधल्या काळात आमची अक्षरे सांभाळली कोणी? बोरू झिजविणाऱ्या हातांनी. वकिली पेशामुळे छापील कागदावर आमचा विश्वास अधिक. म्हणूनच आजोबांनी स्वहस्ते उतरलेली देवीची पोथी आम्ही माळ्यावर टाकली होती. घरी परतताच ती खाली काढली, धूळ पुसली, देव्हाऱ्यापाशी उघडली. शाई फिकटली होती. पण ‘ळ’ जागच्या जागी होता.