पेटीवर ठेवलेला मोबाइल

गोंदिया म्हणजे भाताच्या गिरण्या आणि विडी. आमच्या नानीचे आयुष्य विड्या वळण्यात गेले. मांडीवर सूप, सुपात तेंदूपत्ता, हाती कात्री आणि ओठांवर बन्ना-बन्नीची गाणी. ती गाणी कुणी लिहून ठेवली नव्हती. म्हणून एका सुट्टीत आम्ही मोबाइल तिच्यासमोर लोखंडी पेटीवर ठेवला आणि म्हटले, "नानी, गाओ."

गाणी झाली. मग ती आपल्या निकाहाची हकिगत सांगू लागली. तिला मदरशातून का काढले, हेही बोलली. हे तिने आधी कधी सांगितले नव्हते.

रात्री ऐकले, तर नुसती घरघर आणि ठकठक! नानी जणू विहिरीतून बोलत होती. पेटीला टेकलेले सूप हात हलला की तिच्यावर आपटत होते. शेजारच्या गिरणीची थरथर जमिनीतून पेटीत आली होती. तोंडचा आवाज हवेत पसरून विरतो, लोखंडातली थरथर मात्र सरळ मोबाइलच्या अंगात शिरते. त्यात मोबाइल दोन हात लांब. अंतर दुप्पट झाले की थेट येणारा आवाज 6 डेसिबलने उतरतो. भिंतींवरून परतणारा तेवढा उतरत नाही.

1902 साली कलकत्त्यात गौहर जान यांची गाणी मुद्रित झाली, तेव्हा मायक्रोफोन नव्हताच. भोंग्यापाशी तोंड नेऊन गावे लागे. विजेवरचे मुद्रण 1925 साली आले. यंत्रे बदलली, जवळ जाण्याची गरज गेली नाही. हे आम्हाला उशिरा कळले.

दुसऱ्या खेपेस मोबाइलखाली घडी केलेली गोधडी घातली. तोंडापासून वीतभर, जरा बाजूला ठेवला, म्हणजे 'फ' म्हणताना श्वास त्यावर आदळत नाही. सूप दूर ठेवले. गाणी स्वच्छ आली. निकाहाचे विचारले, तर म्हणाली, "एक बार बोल दिया ना, बेटा."

पुढच्या रमजानपूर्वी ती अल्लाहला प्यारी झाली.

पहिले मुद्रण आम्ही पुसले नाही. कान देऊन बसलो की बरेच शब्द सापडतात. मदरशाची गोष्ट येते तेव्हा मात्र नेमकी कात्री सुपात पडते.

आता उन्हाळी सुट्टीत आम्ही आमच्या उर्दू शाळेतल्या मुलांना सांगतो: घरातल्या दादी-नानीचा आवाज घ्या. पंखा बंद करा, मोबाइलखाली गोधडी घाला. आणि त्यांना बोलते करण्याआधी एक मिनिट घेऊन ऐकून पाहा.