बांधलेली होडी

करंजाड्याच्या सिडको वसाहतीत वाढणाऱ्या मुलांना वारा म्हणजे गच्चीवरचे कपडे उडवणारा आणि पाऊस म्हणजे पनवेलची बस उशिरा आणणारा. म्हणून एका वर्षी दिवाळीच्या सुट्टीआधी आम्ही शिक्षकांनी आमच्या उर्दू शाळेची सहल मुरूडला नेली. राजपुरी बंदरातून शिडाच्या होडीने जंजिरा पाहायचा, असा बेत होता.

बंदरात पोहोचलो तेव्हा पावसाची सर आडवी येत होती. होड्या दोरांनी बांधलेल्या, शिडे गुंडाळलेली. सर ओसरली की समोर किल्ला दिसे, अगदी हाताच्या अंतरावर. मुलांचे चेहरे उतरले. कुणाचे वडील रिक्षा चालवतात, कुणाची आई शिवणकाम करते. सहलीचे पैसे त्यांनी कसे जमवले ते आम्हांला ठाऊक होते.

आमच्यातले एक सहकारी तांडेलाला म्हणाले, "चाचा, एवढंसं तर पाणी आहे. अल्लाहवर भरवसा ठेवू आणि निघू."

म्हातारा तांडेल शांतपणे म्हणाला, "मास्तर, भरवसा आहेच. म्हणून तर होडी बांधून ठेवलीय."

उंट आधी बांधावा, मग तवक्कुल करावे, हे आम्ही वर्गात शिकवतो. इथे उंटाच्या जागी होडी होती.

दिवसभर छपराखाली बसायचे होते. तांडेल मुलांना होडीची माहिती देऊ लागला. नांगर म्हणताच एक मुलगी म्हणाली, "हा तर आपला लंगर!" मग नाखवा म्हणजे नाखुदा, खलाशी म्हणजे खलासी, अशी शब्दांची रांगच लागली. बंदर फारसी, सुकाणू आणि तुफान अरबी. जंजिरा म्हणजे अरबी जज़ीरा, बेट. शीड, डोलकाठी, वल्हे हे शब्द मात्र आपल्या किनाऱ्याचे. मराठी आमची की उर्दू, हा प्रश्न आम्हांला अनेकदा विचारला जातो. होडीला तो कधी पडलेला दिसत नाही.

मोसम हा शब्दही अरबीच. शिडाच्या काळात वाऱ्याचा मोसम चुकला की जहाजाला महिनोन् महिने बंदरात थांबावे लागे. त्या काळी हजला निघालेल्यांचा सब्र बंदरातच सुरू होत असे. पुढे आगबोटी आल्या आणि १९९५ पासून मुंबईहून हजला जाणारी जहाजेही बंद झाली. आता विमान तासभर उशिरा सुटले तरी आपण चिडतो.

इंजिन आले म्हणून दर्याचा नियम बदलला नाही. १७ जुलै १९४७ रोजी भर पावसाळ्यात मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली रामदास बोट वादळात बुडाली आणि सहाशेंहून अधिक माणसे गेली. कोकणातल्या घरांत आजही तिचे नाव हळू आवाजात घेतात. तांडेलानेही मुलांसमोर ते घेतले नाही. आम्हांला बाजूला नेऊन तेवढे एक नाव सांगितले. त्यानंतर आमच्या सहकाऱ्यांनी पुन्हा आग्रह धरला नाही.

त्या दिवशी बंदरातून एकही होडी सुटली नाही. आमची सहल तेवढी अपुरी राहिली. तांडेल आणि खलाशांची त्या दिवसाची कमाई बुडाली. सब्राचा अर्थ आम्ही फळ्यावर लिहून देतो. दर्यावरची माणसे त्यासाठी पदरची मजुरी मोजतात, आणि ती कुणाला बोलूनही दाखवत नाहीत.