रवानगी आणि स्वीकार

मिठबाव हे माझे गाव देवगड तालुक्याच्या दक्षिण भागात समुद्राला लागून वसलेले आहे. गजबादेवीच्या देवळापाशी उभे राहिले म्हणजे एका अंगाला अफाट दर्या आणि दुसऱ्या अंगाला हापूसच्या कलमांनी व्यापलेले सडे दिसतात. प्रवाशाला हे दृश्य रमणीय वाटते; पण ज्याचा व्यवसायकाळ रुग्णालयांच्या अपघात विभागांत गेला, त्या माझ्यासारख्या वैद्याच्या दृष्टीपुढे तेथे एक वेगळाच नकाशा उभा राहतो. उत्तरेस देवगडचे ग्रामीण रुग्णालय, दक्षिणेस आचऱ्यावरून मालवणचे, पूर्वेस कणकवलीचे उपजिल्हा रुग्णालय, त्यापुढे ओरोसचे जिल्हा रुग्णालय, आणि तेथेही निभाव लागण्यासारखा नसला तर बांदा ओलांडून गोव्यातील बांबोळी, किंवा घाट चढून कोल्हापूर. या वाटेवर रुग्णाचे आयुष्य रस्त्याच्या लांबीवर जितके अवलंबून असते, तितकेच ते प्रत्येक रुग्णालयाच्या दाराशी किती वेळ जातो यावरही अवलंबून असते. रस्त्याची लांबी हे भूगोलाचे देणे आहे. दाराशी होणारी दिरंगाई मनुष्यनिर्मित आहे, आणि म्हणूनच ती मनुष्याला दूर करता येते, अशी माझी दृढ श्रद्धा आहे.

या प्रश्नाची सर्वांत स्पष्ट चर्चा आपल्या देशात एका न्यायालयीन निकालात झाली, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे. 1992 च्या जुलै महिन्यात पश्चिम बंगालमधील मथुरापूर स्थानकावर हकीम शेख नावाचा शेतमजूर आगगाडीतून पडला आणि त्याच्या मस्तकाला गंभीर दुखापत झाली. त्याला एकामागून एका सरकारी रुग्णालयात नेण्यात आले. कोठे उपचाराची सोय नाही, कोठे खाट रिकामी नाही, अशी उत्तरे मिळत गेली, आणि अखेर त्याला खाजगी रुग्णालयाचा आश्रय घ्यावा लागला. 1996 साली सर्वोच्च न्यायालयाने या प्रकरणी निर्णय देताना वेळेवर उपचार न मिळणे हा जीविताच्या मूलभूत हक्काचा भंग ठरविला. परंतु माझ्या मते त्या निकालाचे खरे महत्त्व त्याने सुचविलेल्या तजविजीत आहे. कोणत्या रुग्णालयात खाट उपलब्ध आहे हे आधीच कळावे आणि रुग्णाला थेट तेथेच पाठविता यावे यासाठी मध्यवर्ती संपर्कव्यवस्था असावी, आणि रुग्णवाहिकेत साधनसामग्रीसह वैद्यकीय कर्मचारी असावेत, असे न्यायालयाने सांगितले. दाराशी होणाऱ्या विलंबावरचा उपाय दाराच्या पुष्कळ अलीकडे सुरू होतो, हे तत्त्व त्यात स्वच्छ मांडलेले आहे.

महाराष्ट्रात 2014 च्या जानेवारीत 108 क्रमांकाची सेवा सुरू झाली. प्रगत जीवरक्षक साधनांच्या 233 आणि प्राथमिक साधनांच्या 704 अशा एकूण 937 गाड्या, प्रत्येक गाडीबरोबर डॉक्टर, आणि पुण्यातील औंध येथे सर्व राज्याचे नियंत्रण, अशी तिची मूळ रचना होती. या सेवेमुळे गावातून रुग्ण उचलण्याचे काम सुकर झाले, हे मी कृतज्ञतेने नमूद करतो. मात्र रुग्ण गाडीत घेणे हा कार्याचा पूर्वार्ध आहे. त्याची जबाबदारी दुसऱ्या समर्थ हातांनी विधिवत् स्वीकारणे हा उत्तरार्ध, आणि आपले लक्ष व आपला पैसा आजवर पूर्वार्धावरच अधिक खर्च झालेला आहे.

दाराशी गाडी अडते ती का? बाहेरच्या मनुष्यास वाटते की आतले कर्मचारी आळशी असावेत. वस्तुस्थिती निराळी आहे. अपघात विभागातील खाटांवर ज्यांचे प्राथमिक उपचार संपले आहेत असे रुग्ण पडून असतात, कारण वरच्या कक्षात जागा नसते. वरच्या कक्षात जागा नसते, कारण सकाळीच घरी जाण्यास मोकळे झालेले रुग्ण डिस्चार्ज कार्डावर सही व्हावयाची राहिली म्हणून, किंवा गावाकडे जाणारी एस.टी. संध्याकाळी आहे म्हणून, तेथेच बसलेले असतात. खालच्या कुणग्याची मेर फोडल्याखेरीज वरच्या कुणग्यातले पाणी उतरत नाही, हे आमच्याकडच्या शेतकऱ्यास सांगावे लागत नाही. अपघात विभागाच्या दाराशी नुसती माणसे वाढविल्याने, किंवा तेथील परिचारिकेस दटावल्याने, हा तुंबारा हटत नाही. तो हटतो तो सकाळच्या फेरीतच घरी पाठवावयाच्या रुग्णांचा निर्णय घेऊन त्यांना दुपारपूर्वी मोकळे केल्याने, आणि वाहनाची वाट पाहणाऱ्यांना बसण्यास स्वतंत्र दालन दिल्याने.

हा रोग केवळ गरीब देशांचा नाही. ब्रिटनमध्ये रुग्णवाहिका पोहोचल्यापासून 15 मिनिटांत रुग्ण रुग्णालयाच्या ताब्यात जावा असा दंडक आहे. तरीही तेथे गाड्यांच्या रांगा लागू लागल्या, तेव्हा 2023 साली लंडनच्या रुग्णवाहिका सेवेने 45 मिनिटांनंतर रुग्ण रुग्णालयाच्या स्वाधीन करून गाडीने पुढील हाकेस जावे असे धोरण अंगीकारले. त्यामागचा विचार असा की, जो रुग्ण रुग्णालयाच्या आवारात आला त्याच्याजवळ निदान वैद्य आहे, आणि जो घरी छाती दाबून बसला आहे त्याच्याजवळ कोणीही नाही. आमच्या किनाऱ्यावर हा विचार अधिकच तीव्रतेने लागू पडतो. गावाकडची गाडी बांबोळीला गेली म्हणजे तिच्या टापूतील वाड्या कित्येक तास निराधार असतात. तेथे स्ट्रेचर मोकळे होण्यास लागलेला प्रत्येक अधिक क्षण येथल्या एखाद्या अनोळखी घरातून वजा होत असतो.

सिंधुदुर्गात विलंबाचे आणखी एक रूप आहे, ते म्हणजे पुढे पाठविण्याची साखळी. एका ठिकाणाहून चिठ्ठी मिळते, दुसऱ्या ठिकाणी नवा केसपेपर निघतो, तीच विचारपूस, तीच तपासणी पुन्हा होते, आणि शेवटी तिसरीकडे बोट दाखविले जाते, तेव्हा नातेवाइकांच्या तोंडून जो प्रश्न निघतो, “आता खय न्हेवचा?”, त्याचे उत्तर त्यांनी शोधावे ही अपेक्षाच अन्यायाची आहे. 1842 पासूनची वैद्यकीय शिक्षणाची परंपरा असलेल्या गोव्याच्या महाविद्यालयाचा आमच्या जिल्ह्याला फार मोठा आधार राहिला आहे; 2018 साली तेथे परप्रांतीय रुग्णांस शुल्क लागू झाले तेव्हा आमच्याकडे जे आंदोलन उठले, त्यावरूनच हा आधार किती खोल आहे हे दिसून आले. ओरोस येथे आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय झाले आहे. ते सर्वांगाने समर्थ होईपर्यंत सीमेपलीकडील रवानगी अटळ आहे, आणि म्हणूनच ती नियमबद्ध हवी.

माझ्या अनुभवाने यावर तीन उपाय ठरतात. पहिला, उपचाराचा आरंभ पहिल्याच ठिकाणी व्हावा. याचा सर्वोत्तम दाखला आमच्या कोकणानेच जगाला दिला आहे. महाडजवळील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात काम केलेल्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी विंचूदंशाच्या रुग्णांचा अभ्यास करून प्राझोसिन या औषधाचा उपयोग 1986 साली ‘लॅन्सेट’मधून जगापुढे मांडला, आणि ज्या गंभीर दंशात 40 टक्क्यांच्या घरात मृत्यू होत, तेथे ते प्रमाण 1 टक्क्याच्या आसपास आले. पहिल्या दवाखान्यात दिलेल्या एका गोळीने पुढील प्रवासाची भयानकता नाहीशी केली. आमच्या सड्यांवरील फुरशाच्या दंशातही असेच आहे. या विषाने रक्त गोठण्याची शक्ती जाते. स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत रक्त घेऊन 20 मिनिटांत ते गोठते की नाही हे कोणत्याही केंद्रात पाहता येते, आणि न गोठल्यास प्रतिविष तेथेच सुरू करता येते. हृदयविकारात रक्ताची गुठळी विरघळविणारे औषध पहिल्या तासात दिले तर लाभ सर्वाधिक होतो, हे 1986 च्या इटलीतील मोठ्या अभ्यासाने सिद्ध केले आहे. ज्याचे उपचार सुरू झाले आहेत असा रुग्ण घेऊन आलेली गाडी दाराशी थोडी थांबली तरी ते थांबणे प्राणघातक ठरण्याची भीती पुष्कळ कमी होते.

दुसरा उपाय, गाडी हलण्यापूर्वी स्वीकार व्हावा. पाठविणाऱ्या डॉक्टरने स्वतः दूरध्वनी करावा. स्वीकारणाऱ्या रुग्णालयात प्रत्येक पाळीला एक अधिकारी केवळ त्यासाठी नेमलेला असावा. आणि त्याने खाट, रक्त, श्वसनयंत्र किंवा शस्त्रक्रियागृह यांची खात्री करून स्वतःच्या नावाने होकार द्यावा. नकार द्यावयाचा तर दुसरे ठिकाण शोधून देण्याचे कामही त्याच्याकडेच असावे, म्हणजे ‘जागा नाही’ हे वाक्य उच्चारून कोणाची सुटका होणार नाही.

तिसरा उपाय दाराशीच आहे. गाडीतील डॉक्टर बोलत असता आतील जबाबदार व्यक्तीने मध्येच न थांबविता ऐकावे: काय घडले, केव्हा घडले, कोणती इजा वा लक्षणे, नाडी व रक्तदाब किती, काय दिले. एवढे सांगण्यास एक मिनिट पुरते, पण ते मिनिट हरवले तर पुढे कोठेच सापडत नाही. आंब्याच्या हंगामात कलमावरून पडून पाठीचा कणा दुखावलेला नेपाळी गडी येतो, त्याच्याबरोबर बोलणारे आप्त नसतात, भाषेची अडचण असते. अशा वेळी तो पडल्यावर त्याचे पाय हलत होते की नाही, हे फक्त गाडीतल्या डॉक्टरला ठाऊक असते. केसपेपर, ओळखपत्र, योजनेचा दाखला ही सारी कागदपत्रे रुग्ण खाटेवर गेल्यानंतर व्हावीत. गाडीच्या स्ट्रेचरच्या आणि प्राणवायूच्या नळकांड्याच्या बदली दुसरे तत्काळ मिळावे, म्हणजे त्या वस्तूंसाठी गाडी अडून राहणार नाही.

या सर्वांचा अंमल होतो आहे की नाही हे पाहण्यास दोनच नोंदी पुरेशा आहेत: गाडी दाराशी आली ती वेळ, आणि रुग्णाचा स्वीकार झाला ती वेळ. दोन्ही वेळा एकाच कागदावर, दोन्ही पक्षांच्या सह्यांनिशी लिहिल्या जाव्यात, आणि दर महिन्यास जिल्हा शल्यचिकित्सकांनी व जिल्हाधिकाऱ्यांनी त्या समोर ठेवून, जेथे अंतर वाढले तेथे कोणती खाट, कोणती सही किंवा कोणता होकार अडला याचा शोध घ्यावा. यास नवी इमारत लागत नाही. मिठबावच्या मनुष्याला ओरोसच्या जवळ आणून ठेवणे शासनाच्या हाती नाही. पण ओरोसला पोहोचल्यावर त्याला आणखी दूर न ठेवणे पूर्णपणे शासनाच्या हाती आहे, आणि त्याचा हिशेब मागण्याचा अधिकार या किनाऱ्यावरील प्रत्येक ग्रामसभेला आहे. तो अधिकार तिने येत्या वर्षी बजावावा, एवढेच माझे मागणे आहे.