दोन चाकांवरचा संसार

व्हिएतनाम देशातील सायगॉन नगरीला १९७६ साली हो ची मिन्ह सिटी असे अधिकृत नाव मिळाले. परंतु तेथील रहिवाशांच्या तोंडी ती आजही सायगॉनच आहे. या नगरीत पाऊल ठेवणाऱ्या परक्या माणसाला पहिला धडा मिळतो तो रस्ता ओलांडण्याचा. मोपेडी, स्कूटरी आणि लहान मोटरसायकली यांचा लोंढा समोरून अखंड वाहत असतो. त्यात खंड पडेल आणि मग आपण पलीकडे जाऊ, अशी आशा धरणारा मनुष्य तासभर कडेलाच उभा राहील. तेथील रीत निराळी आहे. पाऊल टाकावे, धावू नये, मध्येच थबकू नये, आणि मागे तर मुळीच फिरू नये. संथ व एकसारख्या चालीने पुढे जात राहावे, म्हणजे ओढ्याचे पाणी दगडाला वळसा घालून जाते त्याप्रमाणे त्या गाड्या आपल्या दोन्ही अंगांनी निघून जातात. पहिल्या दिवशी आमच्या उरात धडकी भरली. परंतु दोन-तीन दिवसांत ध्यानात आले की, ज्याला आपण गोंधळ म्हणत होतो त्यातही एक शिस्त आहे. प्रत्येक चालक पुढच्याच्या हालचालीवर डोळा ठेवून आपली गती कमी-अधिक करीत असतो.

मोपेड हा शब्द मोटर व पेडल या दोन शब्दांच्या जोडणीतून झाला आहे. १९५० आणि १९६०च्या दशकांत सायगॉनच्या रस्त्यांवर फ्रान्समध्ये बनलेल्या सोलेक्स व मोबिलेट या खऱ्याखुऱ्या मोपेडी दिसत असत. सोलेक्स ही वस्तुतः सायकलच. तिच्या पुढच्या चाकावर एक चिमुकले इंजिन बसविलेले असे आणि ते एका रुळाच्या घर्षणाने टायर फिरवीत असे. शाळा-कॉलेजांतील मुली आपला लांब पांढरा पोशाख सावरीत तिच्यावरून जात.

पुढे तिची जागा एका जपानी गाडीने घेतली. सोइचिरो होंडा आणि त्यांचे सहकारी ताकेओ फुजिसावा यांनी १९५८ साली ‘सुपर कब’ नावाची पन्नास सी.सी.ची गाडी बाजारात आणली. तिला पेडल नव्हते, परंतु काम मोपेडचेच होते. जपानी खाणावळीतील पोऱ्या एका हातावर खाद्यपदार्थांचे तबक तोलून धरतो. उरलेल्या एकाच हाताने त्याला ही गाडी हाकता यावी, असा त्यामागचा हेतू सांगितला जातो. म्हणून डाव्या हाताचा क्लच काढून टाकला. चढताना पाय पलीकडे टाकावा लागू नये, म्हणून मधला भाग खाली वाकविला. चिखल उडू नये, म्हणून पायांपुढे रुंद ढाल बसविली. २०१७ सालापर्यंत या जातीच्या दहा कोटी गाड्या जगात तयार झाल्या. १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धात त्या सायगॉनमध्ये इतक्या आल्या की, दक्षिणेत कोणत्याही मोटरसायकलीला ‘होंडा’ म्हणण्याचा प्रघात पडला.

तथापि गरिबाच्या दारी ही गाडी यावयास आणखी पुष्कळ वर्षे लागली. युद्ध १९७५ साली संपले, तरी त्यानंतरची टंचाई दीर्घकाळ टिकली आणि सर्वसामान्य माणूस सायकलच चालवीत राहिला. १९८६ साली सरकारने ‘दोई मोई’ म्हणजे नवरचनेचे धोरण स्वीकारले, व्यापार खुला केला. १९९६ साली होंडा कंपनीने त्याच देशात आपली शाखा स्थापिली. २०००च्या सुमारास चीनहून स्वस्त गाड्यांचा पूर आला. त्या फार टिकाऊ नव्हत्या, परंतु त्यांच्यामुळे किमती उतरल्या. मग होंडानेही २००२ साली एक स्वस्त गाडी काढली. आज सुमारे दहा कोटी लोकसंख्येच्या त्या देशात सात कोटींहून अधिक दुचाकी नोंदलेल्या आहेत.

इतक्या गाड्या कशासाठी, असा प्रश्न वाचकांच्या मनात येईल. त्याचे उत्तर मुख्य रस्त्यावर मिळत नाही. ते गल्लीत मिळते. सायगॉनचा फार मोठा भाग ‘हेम’ नावाच्या बोळांत वसलेला आहे. बोळातून बोळ फुटतो, त्यातून आणखी एक फुटतो, आणि शेवटी दोन माणसे समोरासमोर आली तर एकाने अंग चोरावे लागते. तेथे मोटारगाडी शिरत नाही, बस तर दूरच राहिली. अरुंद तोंडाची, मागे लांब गेलेली घरे एकमेकांना खेटून उभी असतात. रात्र झाली की उंबऱ्याला लहानसा उतार लावून गाडी आत घेतात आणि बैठकीच्या खोलीत उभी करतात. आपल्याकडे जसे पूर्वी बैलाला घराच्या छपराखालीच बांधीत, तसाच हा प्रकार होय. घरातील कमावत्या जीवाला बाहेर ठेवून झोप कोणाला येईल?

कमावता जीव हा शब्द आम्ही सहज वापरलेला नाही. पहाटे चार-पाचच्या सुमारास घाऊक बाजाराकडून येणारे रस्ते पाहावेत. कोणाच्या गाडीवर पालेभाजीचे भारे, कोणाच्या मागे पिंजऱ्यांत बदके, कोणाच्या पाठीशी बर्फाची लादी, तर कोणी काचेची तावदाने उभी धरून बसलेला. थोड्या वेळाने तीच वाहने मुलांना शाळेत पोहोचवितात: धाकटे पुढे उभे, थोरले मागे, मध्ये आई. पाऊस आला की दोन गळ्यांचा रेनकोट निघतो. एकातून चालकाचे डोके बाहेर, दुसऱ्यातून मागच्याचे, आणि दिव्याचा प्रकाश अडू नये म्हणून पुढे पारदर्शक तुकडा जोडलेला. तेत म्हणजे त्यांच्या नववर्षाच्या सणापूर्वी सायगॉनमध्ये पिवळ्या माई फुलांची आणि हानोईत गुलाबी पीच फुलांची झाडे या गाड्यांवरून जाऊ लागतात, तेव्हा बागाच चालत निघाल्याचा भास होतो. रविवारी चर्च भरून गेले की उशिरा आलेले लोक आवारातच आपल्या गाड्यांवर बसून मिस्सा ऐकतात. नाताळच्या रात्री तर १८८० साली पूर्ण झालेल्या नोत्र दाम कॅथेड्रलच्या भोवती गाड्यांची एवढी दाटी होते की मुंगीलाही वाट मिळू नये.

या गाडीवर पोट भरणाऱ्यांत पहिला मान ‘से ओम’वाल्याचा. ‘से ओम’ याचा शब्दशः अर्थ ‘मिठीची गाडी’. मागे बसणाऱ्याने पुढच्याला धरून बसावयाचे, म्हणून हे नाव. आमच्या गोव्यातील वाचकांना हे नवल वाटणार नाही; पिवळ्या मडगार्डची गाडी घेऊन नाक्यावर उभा असलेला ‘पायलट’ त्यांच्या रोजच्या ओळखीचा आहे. सायगॉनचा से ओमवाला गल्लीच्या तोंडाशी झाडाखाली थांबतो आणि गिऱ्हाईक नसेल तेव्हा गाडीच्या सीटवरच पाठ टेकून, पाय हँडलवर टाकून डुलकी घेतो. आता हिरव्या जाकिटातील तरुण मुले मोबाइलवर आलेली वर्दी उचलतात आणि या वृद्धांचे गिऱ्हाईक कमी झाले आहे. पण त्या तरुणांचेही भांडवल तेच: एक गाडी आणि एक मोबाइल. त्यांच्याखेरीज पंक्चर काढणारा, सीटवर खडूने आकडा लिहून चिठ्ठी देणारा गाडीतळावरचा राखणदार, रस्त्याकडेला बाटलीत पेट्रोल विकणारी बाई, अशी किती घरे या दोन चाकांवर चालतात याची मोजदाद करणे कठीण आहे.

या सोयीची किंमतही लहान नाही. एके काळी हेल्मेट घालणाऱ्याची तेथे थट्टा होई. त्याला ‘भाताचा कुकर’ म्हणत. उष्ण हवेत ते नकोसे वाटे. अखेर १५ डिसेंबर २००७ रोजी सर्व रस्त्यांवर, चालक व मागे बसणारा या दोघांनाही हेल्मेट सक्तीचे झाले, आणि एका दिवसात रस्त्यांचे रूप पालटले. कायदा आहे हे सर्वांस कळले होते, दंड होणार हेही निश्चित होते, आणि उष्ण हवेस मानवेल असे हलके हेल्मेट देशातच बनू लागले होते. तीनही गोष्टी एकत्र आल्या म्हणून ते साधले.

दुसरी किंमत आगीची. सप्टेंबर २०२३ मध्ये हानोईतील एका दाट वस्तीच्या इमारतीत, तळमजल्यावर दुचाकी ठेवण्याच्या जागी रात्री आग लागली आणि ५६ जीव गेले. बाहेर पडण्याची वाट तेथूनच होती. गाडी घरात घेण्याची सवय गरजेतून लागली. पण त्या सवयीतही मृत्यू दबा धरून बसू शकतो.

तिसरी किंमत धुराची. हानोईत हिवाळ्यात हवा इतकी दूषित होते की समोरचे स्पष्ट दिसत नाही. धूर केवळ दुचाकींचाच असतो असे नव्हे, पण त्यांचाही वाटा आहेच. म्हणून १२ जुलै २०२५ रोजी पंतप्रधानांचा आदेश निघाला की, हानोईच्या पहिल्या वर्तुळाकार रस्त्याच्या आतील भागात १ जुलै २०२६ पासून पेट्रोलवरच्या दुचाकी बंद करण्याची तयारी करावी आणि विजेवरच्या वाहनांकडे वळावे. हेतू चांगला आहे. लहान मुलांच्या फुप्फुसांत जाणारा धूर कोणाला हवा असतो? तथापि ज्याची जुनी गाडी हेच त्याचे शेत व हेच त्याचे दुकान, त्याने नवी विजेची गाडी कोठून घ्यावी? भाड्याच्या एका खोलीत राहणाऱ्याने ती कोठे चार्ज करावी? बसथांबा दूर असेल तर पहाटे भाजी घेऊन कसे यावे? सायगॉनमध्ये २२ डिसेंबर २०२४ रोजी पहिली मेट्रो सुरू झाली. ती सुमारे वीस किलोमीटर धावते आणि लोकांनी तिचे प्रेमाने स्वागत केले. पण मेट्रो बोळात येत नाही. स्थानकापासून घरापर्यंतचा शेवटचा टप्पा अजूनही दोन चाकांचाच आहे.

म्हणून आम्हांस असे वाटते की, नगर स्वच्छ करावयाचे तर त्याचा भार प्रथम गरिबाच्या खांद्यावर ठेवू नये. आधी द्यावे, मग घ्यावे. आधी बस, आधी कर्ज, आधी चार्जिंगची सोय, त्यानंतर बंदी. हवा सर्वांची आहे, तेव्हा तिची किंमतही सर्वांनी वाटून घेतली पाहिजे. हेल्मेटच्या बाबतीत कायद्याबरोबर सोयही आली म्हणून यश मिळाले. हाच कित्ता येथेही गिरविता येईल.

वाचकहो, हे सर्व समुद्रापलीकडचे म्हणून सोडून देण्याजोगे नाही. आपल्या गावांतही सायकलीची जागा दुचाकीने घेतली आहे. शेतावर, बाजारात, शाळेत, चर्चमध्ये आपण तिच्यावरूनच जातो, आणि पुष्कळदा एका गाडीवर सारे कुटुंब असते. आपल्या देशातही २०१९ सालच्या दुरुस्तीनंतर चार वर्षांवरील प्रत्येक स्वाराला हेल्मेट आवश्यक आहे. बाप हेल्मेट घालतो आणि पुढ्यातील लेकरू उघड्या डोक्याने बसते, हे दृश्य आपण रोज पाहतो. रात्री गाडी घरात घेताना दार अडणार नाही, चुलीपासून ती दूर राहील, एवढे पाहण्यास पैसा लागत नाही. जी गाडी आपल्या घरासाठी राबते तिच्यावर बसणारा प्रत्येक जीव सायंकाळी सुखरूप घरी यावा, एवढी काळजी घेणे आपल्या हाती आहे.