जासई : मिठागरांच्या मुलखातलं गाव

मैत्रिणींनो, आमटीत चिमूटभर मीठ टाकताना ते कुठल्या आगरातून आलं असेल, असा विचार कधी मनात येतो का हो? माझ्या तरी येत नसे. पनवेलहून उरणच्या रस्त्याला लागले, जासईला उतरले, तेव्हा तो आला.

जासई हे रायगड जिल्ह्याच्या उरण तालुक्यातलं गाव. वस्ती मुख्यतः आगरी लोकांची. आगर म्हणजे मिठागर; त्यावरूनच हे नाव पडलं असं सांगतात. खाडीचं पाणी बांध घालून अडवायचं, पावसाळ्यात भात घ्यायचं, उन्हाळ्यात मीठ पिकवायचं आणि खाडीतली मासळी पकडायची, असा या पट्ट्याचा पिढ्यान्‌पिढ्यांचा संसार. भाताची लावणी बायकांच्या हातची आणि मासळीची पाटी बायकांच्या डोक्यावर. लग्नात धवळे गाणाऱ्या धवलारणीला इथे केवढा मान! तांदळाची भाकरी आणि सुक्या जवळ्याची चटणी खाल्ली, की जेवणात आणखी काही हवंसं वाटत नाही.

याच पट्ट्यात एक मोठं शहर उभं राहिलं. मुंबईची गर्दी कमी करण्यासाठी खाडीपलीकडे नवं शहर वसवावं, ही कल्पना १९६५ च्या सुमारास चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी मांडली. त्यातल्या प्रवीणाबाई वास्तुशिल्पी होत्या, हे आपल्यापैकी किती जणींना ठाऊक असेल? १९७० मध्ये सिडको स्थापन झाली आणि ठाणे, पनवेल, उरण भागातल्या ९५ गावांच्या जमिनी नव्या मुंबईसाठी घ्यायच्या ठरल्या. १९८९ मध्ये न्हावा-शेवा बंदर सुरू झालं, १९९२ मध्ये नवी मुंबई महानगरपालिका आली. २०११ च्या जनगणनेत या पालिकेची लोकसंख्या अकरा लाखांवर गेली होती.

पण शहर वाढलं ते कुणाच्या तरी शेतावर. शेत गेलं की बाईचं काय जातं, ते शेतावर राबलेलीलाच कळतं. घरातले तांदूळ विकत आणावे लागतात, हातचं काम जातं आणि मिळालेले पैसे कधी संपले ते कळतसुद्धा नाही.

जासईत जन्मलेले दि. बा. पाटील हे वकील आणि शेतकरी कामगार पक्षाचे नेते. जमिनीला योग्य मोबदला मिळावा म्हणून त्यांच्या नेतृत्वाखाली मोठं आंदोलन झालं. १६ आणि १७ जानेवारी १९८४ या दोन दिवसांत पोलिसांच्या गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले. जासईजवळच्या दास्तान फाट्याचं नाव तेव्हापासून या भागात कुणी विसरलेलं नाही. या लढ्यामुळेच पुढे घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित जमीन शेतकऱ्यांना परत देण्याची योजना आली. दरवर्षी जानेवारीत इथे हुतात्म्यांना अभिवादन होतं. पाटील २०१३ मध्ये गेले.

आता जायचं कसं ते सांगते. १२ जानेवारी २०२४ पासून नेरूळ आणि बेलापूरहून लोकल थेट उरणपर्यंत जाते. त्याच दिवशी शिवडी ते न्हावा-शेवा हा सुमारे २२ किलोमीटरचा अटल सेतूही खुला झाला. रस्त्यानं गेलात तर बंदराच्या कंटेनर गाड्यांची मोठी वर्दळ असते, तेव्हा मुलांचा हात घट्ट धरा. बरोबर पाणी आणि डोक्याला रुमाल असू द्या, खाडीकाठचं ऊन भारी चटका देतं. उलव्याजवळच्या नव्या विमानतळाचं उद्घाटनही ऑक्टोबर २०२५ मध्ये झालं.

परतताना मी गावातल्या एका आजींना विचारलं, "एवढं सगळं झालं, बरं वाटतं का?" त्या म्हणाल्या, "बाय, नातवंडांना नोकऱ्या लागल्या तर बरंच वाटंल. पन लावनीच्या दिसांत हात शिवशिवतान गो."

आपल्यापैकी कितीजणी वाशी, नेरूळ, खारघरच्या फ्लॅटमध्ये संसार मांडून बसल्या आहेत! एकदा मुलांना घेऊन जासईला जाऊन या. आपल्या ओट्याखाली कुणाचं शेत होतं, ते त्यांना कळू द्या.