वर्ग तुझाच राहतो

मिरज,
रविवार

चि. सोनूस,


परवा फोनवर तू सांगितलंस की बी.एड.च्या दोन मुली तुझ्याकडे दिल्यात, सोळा आठवडे राहणार आहेत, आणि आठवी ‘ब’चं विज्ञान त्या घ्यायला लागल्या की तुला वह्या तपासायला तरी वेळ मिळेल. तू घाईत होतीस, म्हणून तेव्हा बोलले नाही. शिवाय हा विषय माझ्या फार जिव्हाळ्याचा आहे, फोनवर उरकण्यासारखा नाही. वेळ मिळणार नाही, सोनू. पहिला महिना तर तुझं काम वाढेलच. त्या मुली आल्या म्हणून वर्ग तुझ्या हातून सुटत नाही. त्या तिथे शिकायला येताहेत, आणि त्यांना शिकवणंही आता तुझ्याच कामात आलं.

त्या येतात तेव्हा त्यांच्या हाताशी काय असतं, ते आधी समजून घे. महाविद्यालयात त्यांनी सूक्ष्म अध्यापन केलेलं असतं. ६ मिनिटं शिकवायचं, ६ मिनिटं प्रत्याभरण, १२ मिनिटांत पाठाची फेरमांडणी, मग पुन्हा ६ मिनिटं शिकवणं आणि ६ मिनिटं प्रत्याभरण, असं ३६ मिनिटांचं एक चक्र. समोर विद्यार्थी म्हणून बसतात त्या त्यांच्याच मैत्रिणी. विचारलं की हवं ते उत्तर लगेच मिळतं. प्रश्न विचारणं, उदाहरण देणं, फळ्यावर लिहिणं अशी एकेक कौशल्यं सुटी सुटी घोटून घेतलेली असतात. तुझ्या वर्गात ती सगळी एकदमच लागतात. त्यात एकजण पाणी प्यायला जाऊ का विचारतो, दुसऱ्याच्या पेनाची शाई बाकावर सांडते, आणि तिसरा भलतंच, पण खरोखर विचार करून दिलेलं उत्तर देतो. टाचणवहीत प्रस्तावना, हेतुकथन, विषयविवेचन, संकलन हे सगळं आखलेलं असतं. त्या तिसऱ्या मुलाचं काय करायचं, ते तिथे लिहिलेलं नसतं. सुरुवातीला त्या मुलांपेक्षा वहीकडेच जास्त बघतील. त्यावरून त्यांना बोलू नकोस.

हे सोळा आठवडे सुखासुखी मिळालेले नाहीत. पूर्वी बी.एड. एका वर्षाचं होतं. सरावपाठांचा आकडा पुरा झाला की शाळेशी संबंध संपायचा. पुढे आपल्याच महाराष्ट्रातल्या डी.एड. महाविद्यालयांच्या मान्यतेचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. न्यायालयाने न्या. जे. एस. वर्मा यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला, त्याचा अहवाल २०१२ साली आला, आणि २०१४ मध्ये राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेने (एनसीटीई) नवे विनियम केले. बी.एड. दोन वर्षांचं झालं आणि शाळेतली आंतरवासिता २० आठवड्यांची: पहिल्या वर्षी ४, दुसऱ्या वर्षी १६. त्यात सुरुवातीचा एक आठवडा नेहमीच्या शिक्षकाचा वर्ग नुसता पाहण्यासाठी आहे. आंतरवासितेला ९० टक्के हजेरी सक्तीची आहे. म्हणजे पहिल्या दिवशी त्यांच्या हातात खडू देऊन स्टाफरूममध्ये जाऊन बसणं नियमातही बसत नाही.

त्या पहिल्या आठवड्यात त्यांना मागच्या बाकावर बसव आणि काय बघायचं ते रोज एकेक सांगून ठेव. तू प्रश्न विचारल्यावर किती वेळ थांबतेस, हे एक दिवस. एखादं उत्तर चुकलं की तू काय म्हणतेस, हे दुसऱ्या दिवशी. कोणती मुलं तासभर तोंड उघडत नाहीत, हे तिसऱ्या दिवशी. नुसतं ‘निरीक्षण करा’ म्हटलं तर त्या फळ्यावरचं उतरवून घेतील. मग तू अर्धा तास घे आणि अर्धा त्यांच्यावर सोड, प्रयोग तू मांड आणि चर्चा त्यांना घेऊ दे. त्यानंतर पूर्ण तास, पूर्ण घटक, आणि शेवटी सलग काही दिवस सगळा विषय. वर्ग केव्हा आणि किती द्यायचा, हे तूच ठरवायचं. दोघींची चाल सारखी नसेल, आणि वेळापत्रक तसं म्हणतं म्हणून दोघींना एकत्र ढकलू नकोस.

आता जबाबदारीचं. या मुद्द्यावर मला जरा कडक बोलू दे. एका शाळेत मी पाहिलं आहे की दिवाळीनंतर छात्राध्यापक आले की पर्यवेक्षक आधी बदली तासांचा कागद काढायचे. कुणी रजेवर, कुणी प्रशिक्षणाला; त्या सगळ्या तासांना हे छात्राध्यापक. नाव माहीत नाही, विषय माहीत नाही, वर्गात जा आणि शांत ठेवा. अशाच एका तासाला एक छात्राध्यापक वैतागून एका मुलाला वर्गासमोर इतकं टाकून बोलला, की त्याचे वडील दुसऱ्या दिवशी शाळेत आले. सगळे त्या छात्राध्यापकाकडे बोट दाखवत होते. त्याचं चुकलंच होतं. पण त्याला तिथे एकटं कुणी पाठवलं होतं? शिक्षण हक्क कायद्याचं कलम १७ शारीरिक शिक्षेइतकाच मानसिक छळही निषिद्ध ठरवतं, आणि कारवाई त्या व्यक्तीला लागू असलेल्या सेवानियमांनुसार करा म्हणतं. छात्राध्यापकाच्या हातात नेमणुकीचा आदेशच नसतो, त्याला कुठले सेवानियम लागू होणार? त्या पन्नाससाठ मुलांबद्दल उत्तर द्यायचं ते नेमलेल्या शिक्षकाने आणि मुख्याध्यापकांनी. म्हणून सांगते, त्यांचा तास चालू असताना तू वर्गातच असलं पाहिजेस. वह्या घेऊन बस हवं तर, पण वर्गात बस.

आणखीही काही कामं तुझ्याकडेच ठेव. घटक चाचणीचे पेपर त्यांना तपासू दे, त्यातून त्या खूप शिकतील. पण तू ते फिरून बघ, आणि आकारिक मूल्यमापनाची नोंद स्वतःच्या हाताने कर. पालकांशी बोलणं तुझं, त्यांनी शेजारी बसून ऐकावं. मुलांचे फोटो त्यांना अहवालासाठी लागतात. मुख्याध्यापकांना विचारल्याशिवाय काढू देऊ नकोस, आणि व्हॉट्सअॅपच्या स्टेटसवर तर एकही जाता कामा नये. कुठल्या मुलाच्या घरी काय चाललंय, हे त्यांच्या कानावर येईलच. ते बसमध्ये बोलायचं नसतं, हे त्यांना पहिल्याच दिवशी सांग. कुणीतरी आधी सांगितलं असेल, असं धरून चालू नकोस.

त्यांच्याकडूनही मागायला संकोच करू नकोस. परिपाठाच्या आधी शाळेत हजर राहणं, टाचण आदल्या दिवशी दाखवणं, प्रयोगाचं साहित्य आधी स्वतः वापरून पाहणं, रजा असेल तर तुलाही आणि महाविद्यालयालाही कळवणं. एवढं त्यांनी केलंच पाहिजे. मात्र स्नेहसंमेलनाच्या पताका, ऑनलाइन माहिती भरणं आणि झेरॉक्सच्या फेऱ्या यांत त्यांचे आठवडे जाऊ देऊ नकोस. सगळे मिळून करतात तेव्हा त्यांनीही हात लावावा. पण त्या स्वतःची फी भरून शिकायला आल्या आहेत, बिनपगारी मदतनीस म्हणून आलेल्या नाहीत.

पाठ झाला की त्याच दिवशी दहा मिनिटं तरी बोल. मधली सुट्टी चालेल, पण दुसऱ्या दिवसावर ढकलू नकोस. निरीक्षणवहीत ‘छान’, ‘आवाज वाढवा’, ‘फलकलेखन सुधारा’ असे शेरे मी वर्षानुवर्षं वाचले आहेत. त्यावरून कुणालाही उद्या काय वेगळं करायचं ते कळत नाही. एका वेळी एकच गोष्ट घे आणि ती दिसेल अशी घे. माझ्याकडे एक मुलगी होती. बोलणं गोड, तयारी चोख, पण प्रश्न जायचे ते पुढच्या दोन बाकांना. मी तिला काही सांगितलं नाही. वर्गातल्या बाकांचा नकाशा काढला आणि तिने ज्याला प्रश्न विचारला त्याच्या जागी खूण करत गेले. तास संपल्यावर कागद तिच्यापुढे ठेवला. खिडकीकडची सबंध रांग कोरी होती. ती बराच वेळ कागद बघत राहिली. दुसऱ्या दिवशी तिने पहिलाच प्रश्न खिडकीकडे टाकला. उत्तर यायला वेळ लागला, आणि ती थांबली. शिकवण्यातलं अवघड काम ते थांबणंच आहे.

तास चालू असताना मध्ये बोलायचं का, हे तू विचारशीलच. समज, त्यांच्यापैकी एकीने उष्णता आणि तापमान यांची गल्लत केली. गप्प बस, लिहून ठेव, नंतर सांग, आणि दुसऱ्या दिवशी ती दुरुस्ती तिलाच वर्गासमोर करू दे. मुलांपुढे तिचा अधिकार तू मोडलास तर तो परत तिला बांधता येणार नाही. पण स्पिरिटच्या दिव्याजवळ कुणाची ओढणी गेली, किंवा एखाद्या मुलाचा अपमान होतोय असं दिसलं, तर क्षणभरही थांबू नकोस. तिथे तिच्या मानापेक्षा मूल मोठं.

महाविद्यालयाचे प्राध्यापक निरीक्षणाला येतील, आणि बहुतेक त्यांचं-तुझं एका गोष्टीवर जुळणार नाही. त्यांना हेतुकथन मुलांच्याच तोंडून वदवून घेतलेलं हवं असतं, तक्ता हवा असतो. तुला घटक वेळेत संपायला हवा असतो. ती मुलगी दोघांच्या मध्ये सापडते आणि दोघांनाही ‘हो’ म्हणते. यावर एकच उपाय मला माहीत आहे. सुरुवातीलाच तिघांनी एकत्र बसायचं आणि कोणत्या पाठात काय पाहणार ते ठरवून टाकायचं. गुणांचंही तेव्हाच बोल. तुझ्या हातात गुण आहेत म्हटल्यावर ती तिची अडचण तुझ्याजवळ उघड करणार नाही. म्हणून कुठले पाठ गुणांचे आणि कुठले नुसते शिकण्याचे, हे तिला आधी कळू दे.

आणि सोनू, एखादीला जमत नसेल तर ते पाचव्या-सहाव्या आठवड्यातच तिला स्पष्ट सांग, प्राध्यापकांनाही लेखी कळव. शेवटच्या आठवड्यात दया येते, आणि आपण सही करून मोकळे होतो. ती दया फार महाग पडते. पुढची तीस वर्षं दर जूनमध्ये एक नवा वर्ग तिची किंमत मोजतो.

दर वर्षी आपण म्हणतो, नवे शिक्षक तयार होऊन येत नाहीत. ते तयार होतात तुझ्या-माझ्या वर्गातच, आणि ज्या शिक्षिकेकडे दोन मुली सोपवल्या तिच्या वेळापत्रकातला एकही तास त्यासाठी कमी होत नाही, हे मला फार चुकीचं वाटतं. तू तेवढा वेळ मागून घे. उद्या शाळा भरण्याआधी मुख्याध्यापकांना भेट आणि तीन गोष्टी सांग: या दोघींना बदली तास लावायचे नाहीत, पाठानंतर बोलायला मला रोज एक मोकळा तास हवा, आणि प्राध्यापकांबरोबरची बैठक याच आठवड्यात व्हायला हवी. नाही म्हणाले तर लेखी दे.

तुझी,
मावशी