जामखेडची मुक्कामाची रात्र

जिल्ह्याचं नाव २०२४ मध्ये अहिल्यानगर झालं आणि सगळ्यांचं लक्ष चौंडीकडे गेलं. अहिल्याबाईंचं हे जन्मगाव जामखेड तालुक्यातच आहे. खर्ड्याचा किल्लाही इथलाच. पाहुणे ही दोन ठिकाणं बघतात आणि परततात. या तालुक्याचं मोठेपण घडवणाऱ्या रात्री मात्र बघायला मिळत नाहीत.

डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे १९७० मध्ये इथे आले. गुरांच्या जुन्या दवाखान्याच्या जागेत त्यांनी आरोग्याचं काम मांडलं. दर हजारी १७६ बाळं वर्षाच्या आत दगावत होती, त्यात १९७२चा दुष्काळ आला. शिकलेल्या परिचारिका खेड्यात रमेनात. मग आरोग्यसेविका म्हणून गावानंच आपल्यातली बाई निवडावी असं ठरलं. आल्या त्या बहुतेक निरक्षर. कित्येक दलित वस्तीतल्या, काही नवऱ्यानं टाकलेल्या.

पगार नव्हता.

आठवड्यातून एकदा त्या जामखेडला मुक्कामी येत. जुलाब झालेल्या पोराला मीठ-साखरेचं पाणी कसं द्यायचं, बाळंतपणातला धोका कसा ओळखायचा, हे दिवसा शिकत. रात्री सगळ्या जमिनीवर ओळीनं झोपत आणि पांघरूण असे एकच, मोठं. गावात जिचा स्पर्श चालत नसे, तिच्याच शेजारी वरच्या जातीतली बाई झोपायची. पांघरूण ओढायचं तर दोघींनी मिळून. ते अंगावर घेताना किती जणींनी अंग चोरलं असेल! हळूहळू तोंडं उघडली. कुणाच्या पाठीवर वळ होते, कुणाला मुलगीच झाली म्हणून घर तुटलं होतं. सासू-सासऱ्यांचं आणि पोराबाळांचं दुखणं काढण्यात जन्म गेलेल्या त्या बायकांना ‘तुझं काय?’ असं विचारणारं माणूस तिथे पहिल्यांदा भेटलं.

या कामातली गावं वाढली. १९७९ मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. १९८८ मध्ये इथल्या मुक्ताबाई पोळ वॉशिंग्टनमध्ये जगभरच्या आरोग्यतज्ज्ञांसमोर बोलल्या. १९९३ पर्यंत बालमृत्यूचं प्रमाण हजारी तीसच्या आत आलं. परदेशी डॉक्टर जामखेडला शिकायला येऊ लागले, आणि शिकवणाऱ्यांत याच बाया होत्या. मेबलताई १९९९ मध्ये गेल्या, डॉ. रजनीकांत २०११ मध्ये. पुरस्कारांच्या यादीत डॉक्टरांची नावं राहिली. पायपीट करणाऱ्या बहुतेक जणींची नावं त्यांच्या गावापुरतीच राहिली, आणि हे सलत राहतं.

२००५ मध्ये देशभर ‘आशा’ योजना आली, तिच्यामागे जामखेडचा अनुभव होता. पण २०२४च्या सुरुवातीला महाराष्ट्रातल्या हजारो आशाताई मोबदल्यासाठी मुंबईच्या आझाद मैदानात बसल्या होत्या. त्यांना नोंदवह्या मिळाल्या, मोबाइल मिळाले, उद्दिष्टं मिळाली. कागदावर मात्र त्या अजूनही स्वयंसेविकाच. त्यांच्या हक्काचे पैसे वेळेवर मिळालेच पाहिजेत. त्यासोबत, महिन्यातून एकदा तरी, साहेब नाही, तपासणी नाही, असा आपल्यासारख्या बायांसोबतचा एक मुक्काम जिल्ह्याने त्यांना द्यायला हवा.